मिठाचं गाव आणि पाण्याचं गाव

तर मंडळी, गोष्ट सुरू होते एका कॉन्फरन्स कॉलवर.

नवा प्रोजेक्ट, नवी टीम. अर्धी टीम पुण्यात, अर्धी कोलंबियात, बोगोताला. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. पहिल्या कॉलला नेहमीचा कार्यक्रम: नाव सांगा, काम सांगा, गाव सांगा. तिकडच्या एका टेस्टरने गावाचं नाव सांगितलं, झिपाकिरा. आणि मग गडी दहा मिनिटं थांबलाच नाही!

बोगोताच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर हे गाव. गावाच्या कडेचा डोंगर मिठाचा. स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मुइस्का लोक हे मीठ काढायचे. खारं पाणी मातीच्या मोठ्या मडक्यांत आटवायचं, मीठ घट्ट झालं की मडकं फोडायचं आणि आतला मिठाचा गोळा बाजारात न्यायचा. पुढे स्पॅनिश आले. १८०१ मध्ये हम्बोल्टसारखा शास्त्रज्ञ ही खाण बघून गेला. विसाव्या शतकात खाणकामगारांच्या प्रार्थनेच्या जागेवरून कल्पना निघाली आणि १९५४ साली खाणीच्या पोटात चक्क एक चर्च उभं राहिलं. ते पुढे धोकादायक झालं म्हणून बंद करावं लागलं. तर या लोकांनी काय करावं? जमिनीखाली १८० मीटरवर, मिठातच कोरून, दुसरं बांधलं. १९९५ ला ते खुलं झालं. शिवाय गार्सिया मार्केझ याच गावात शाळेला होता, हे शेपूट होतंच.

"आणि तुझं गाव?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "पुण्याजवळ."

एकशे वीस किलोमीटर म्हणजे 'जवळ' :-)

आम्हा नगरकरांची ही जुनी खोड आहे. कोणी विचारलं की शिर्डी सांगायची, शनिशिंगणापूर सांगायचं, अगदीच अडलं तर राळेगण सांगायचं. खुद्द शहराबद्दल बोलायची वेळ आली की 'तसं काही नाही हो, एक किल्ला आहे'. मीही तेच केलं. आणि का कोण जाणे, पण या वेळी ते रात्रभर टोचत राहिलं. त्याच्याकडे मीठ होतं. माझ्या गावाकडे काय होतं?

शनिवारी सकाळची एसटी पकडून घरी गेलो. या लेखाचं निमित्त ते.

आधी थोडा इतिहास. (कंटाळू नका, शाळेसारखा नाही सांगत.) बहमनी राज्य मोडकळीला आलं तेव्हा जुन्नरला मलिक अहमद नावाचा सरदार होता. त्याने मे १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि निजामशाही सुरू झाली. त्याचा डोळा होता दौलताबादवर. पण दौलताबाद काही लढून पडेना. मग याने दरवर्षी फौज पाठवून त्या भागातली पिकं उद्ध्वस्त करायचा सपाटा लावला. जुन्नरहून दर वेळी एवढं चालत जाणं परवडेना, म्हणून मधोमध एक ठाणं पाहिजे. इतिहासकार फरिश्ता, जो स्वतः पुढे नगरात वाढला, तो शहराच्या स्थापनेचं कारण हेच देतो. १४९४ साली सीना नदीच्या काठी शहर वसवलं गेलं. पाच वर्षांत दौलताबादही पडलं.

म्हणजे बघा, आमच्या शहराची जागा ठरली ती नकाशावरचा मध्यबिंदू काढून! पाणी बघून नाही. आता नगरची हवा ज्याला माहीत आहे तो इथे हसेल. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला हा भाग, वर्षाला पाऊस जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. सीना नदी म्हणजे पावसाळ्यात नदी आणि उन्हाळ्यात क्रिकेटचं मैदान. अशा जागी राजधानी करायची, फौज ठेवायची, हत्ती-घोडे पाळायचे, वर बागा करायच्या. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट आधी फ्रीझ झाली, फिजिबिलिटी नंतर बघितली.

पण त्यांनी ती सोडवली. कशी, ते मला तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, नगरात अठरा वर्षं काढून झाल्यावर कळावं, याची लाज वाटते.

नगरच्या उत्तरेला आणि पूर्वेला डोंगररांगा आहेत. त्यांच्या पायथ्याशी पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि तिथे ते उथळ खोलीवर सापडतं. निजामशाहीतल्या लोकांनी कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा बाजूंना विहिरी खणून ते पाणी धरलं आणि तिथून शहरापर्यंत जमिनीखालून नळ आणले. आमच्याकडे त्याला खापरी नळ म्हणतात. भाजलेल्या मातीच्या नळ्या, एकीचं तोंड दुसरीत बसवलेलं, सांधे चुन्याने भरलेले, वरून दगड-चुन्याचं आवरण. वाटेत ठरावीक अंतरावर उभे झरोके. त्यातून हवा खेळायची, आणि गाळ साचला की माणूस आत उतरून साफ करायचा. ही इराणच्या कनातीची विद्या. दख्खनमध्ये ती बिदरला आहे, बुऱ्हाणपूरला आहे, आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने पुढे खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, तीच नेली. नहर-ए-अंबरी सगळ्यांना ठाऊक असते. पण ती ज्या दरबारातल्या माणसाने केली त्या दरबाराच्या मूळ गावातले नळ कोणाला ठाऊक नसतात.

यातली इंजिनिअरिंगची गंमत अशी की पंप नाही, मोट नाही, बैल नाही. सगळा खेळ उताराचा. उतार जास्त झाला की पाणी जोरात येऊन सांधे उखडतं, कमी झाला की गाळ बसतो. काही किलोमीटर लांबीवर हा तोल जमिनीखाली सांभाळायचा, आणि तोही आजच्यासारखी लेव्हल मोजायची यंत्रं नसताना. मी इंजिनिअरिंगला सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला शंभर मीटरवर चुकलो होतो. असो.

एकदा हे डोक्यात शिरलं की नगरमधली सगळी 'प्रेक्षणीय स्थळं' वेगळीच दिसायला लागतात. मी रविवारी काकांची स्कूटर घेऊन निघालो. तुम्हीही कधी आलात तर याच क्रमाने बघा.

सुरुवात सावेडीतून. तिथे भिस्तबाग चौक आहे. लहानपणी मला वाटायचं भिस्त नावाचं काहीतरी आडनाव असेल. भिस्त म्हणजे बहिश्त, स्वर्ग. मलिक अहमदच्या काळात या बाजूला एक बाग आणि महाल झाला, पुढे त्याचं नाव पडलं हश्त बहिश्त, आठ स्वर्ग. मधोमध तळं आणि त्यात इमारत. पाणी नळाने आणलेलं. आणि जाता जाता, पखालीने पाणी वाहणारा भिस्ती, तोही याच शब्दातून आला. ज्या मुलखात पाणी नाही तिथे स्वर्ग आणि पाणी आणणारा माणूस यांना एकच शब्द असावा, हे मला फार पटलं.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, फराहबाग. मुर्तजा निजामशाहाच्या काळात, १५८०च्या आसपास, हा महाल पूर्ण झाला. पहिलं बांधकाम पसंत पडलं नाही म्हणून पाडून पुन्हा केलं आणि ते तडीला नेणारा माणूस म्हणजे सलाबतखान. शहाजहानला ताजमहालाची कल्पना इथून सुचली असं आमचा प्रत्येक रिक्षावाला सांगतो. ती दंतकथा समजून सोडून द्या. पण महालाच्या भोवती उभं राहून एवढं नक्की बघा: हा सगळा महाल तळ्याच्या मध्यभागी आहे. आज ते तळं बहुतेक वर्षभर कोरडं असतं, कडेने गवत आणि बाभळी. तरी चौथऱ्याच्या कडेला उभं राहिलं की समजतं की ही इमारत पाण्यात प्रतिबिंब पडावं म्हणूनच बांधली होती. निम्मी इमारत आता दिसतच नाही, कारण ती पाण्यात होती.

तिथून पाथर्डी रस्त्याने चांदबीबी महाल. हा चांदबीबीचा नाही! डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी वास्तू त्याच सलाबतखानाची कबर आहे. इंग्रजांनी तिचा वापर लष्करी आजाऱ्यांना हवापालटाला ठेवण्यासाठी केला, आम्ही शाळेच्या सहलींसाठी केला, आणि नाव मात्र भलत्याच व्यक्तीचं दिलं. निजामशाहीच्या पाण्याच्या कामांशी ज्याचं नाव सगळ्यात जास्त जोडलं जातं तो हा वजीर. वर चढून गेलात की खाली सगळा मुलूख दिसतो, आणि पाणी कुठून येऊन कुठे जात असेल हे नकाशाशिवाय कळतं. त्याने आपली कबर या जागी का बांधली याचा अंदाज मी माझ्यापुरता बांधला.

भातोडीला शहरापासून जरा लांब जावं लागतं, पण जाच. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा मलिक अंबरवर चालून आल्या. त्याने इथल्या तलावाचा बांध फोडला. रस्त्यांचा चिखल झाला, शत्रूच्या तोफा, जनावरं आणि माणसं त्यात रुतली, आणि संख्येने कमी असलेला अंबर जिंकला. शहाजीराजे या लढाईत होते, त्यांचे भाऊ शरीफजी इथेच कामी आले. (या दोन भावांची नावं नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, असं सांगतात. बघा, स्वराज्याच्या गोष्टीतही आम्ही आहोतच.) दुष्काळी मुलखातल्या माणसाने साठवलेलं पाणी मुद्दाम सोडून देणं म्हणजे काय, हे नगरी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि शेवटी किल्ला. हुसेन निजामशाहाने मातीचा कोट पाडून १५६०च्या सुमाराला दगडात बांधला. गोल, बावीस बुरुजांचा, भोवती रुंद खंदक. १५९५-९६ मध्ये मोगलांनी वेढा घातला तेव्हा त्यांनी तटाखाली सुरुंग खणले होते. आतल्या लोकांनी त्यातले काही वेळेत शोधून दारू काढून टाकली. एक मात्र उडाला आणि तट फुटला. चांदबीबी स्वतः तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी झाली. त्या वर्षी किल्ला वाचला. १६०० साली तिला तिच्याच माणसांनी फितुरीच्या संशयावरून मारलं, आणि मग थोड्याच दिवसांत किल्लाही गेला. पुढे तो पेशव्यांकडे आला. नाना फडणीस इथे कैदेत होते. १८०३ मध्ये वेलस्लीने घेतला.

१९४२ ते ४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव असे काँग्रेसचे बारा नेते इथे बंद होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच, १९४४ मध्ये पाच महिन्यांत लिहिलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला एक साधी नोंद आहे ती कोणी सांगत नाही. वेळ घालवायला नेहरू तिथे बागकाम करायचे. खणताना त्यांना जमिनीखाली जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागले. पण फार खोल जाता आलं नाही, कारण तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना ते चालणारं नव्हतं.

हे वाचून मी जरा वेळ तसाच बसलो. भारताचा शोध लिहिणाऱ्या माणसाच्या फावड्याला नगर लागलं आणि त्याला थांबावं लागलं. आम्हाला तर कोणी अडवलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या नळांचं झालं काय? एकदम काही झालं नाही. हळूहळू झालं. शहराला मुळा धरणाचं पाणी आलं, घरात तोटी आली, आणि ज्याची रोज गरज नाही ते साफ कोण करणार? झरोके बुजले. पाया खणताना कुठे नळी फुटली, कुठे ड्रेनेज घुसलं. बोअर खोल खोल गेल्या आणि पायथ्याचं पाणी आणखी खाली गेलं. कोणी एकाने गुन्हा केला असं नाही. सपोर्ट बंद झालेलं सॉफ्टवेअर जसं जातं, तसंच.

आता हे सगळं मला सांगायचं होतं त्याचं खरं कारण.

आमचा जुन्या नगरात एक वाडा होता. माझ्या वाट्याला त्यातल्या दोन खोल्या आणि एक हौद आठवतो. हौद कायम कोरडा, आम्ही त्यात पतंग आणि बॅटी ठेवायचो. काही वर्षांपूर्वी भाऊबंदांनी मिळून वाडा बिल्डरला दिला. सह्या झाल्या, त्यात माझ्या वडिलांचीही होती. मी तेव्हा नोकरीला नवीन होतो. मला कागद मेल केले होते, मी फक्त चटई क्षेत्र आणि पार्किंग बघितलं. हौदाबद्दल कोणी काही बोललं नाही, मीही नाही.

त्या रविवारी संध्याकाळी आजीजवळ बसलो आणि नळांचा विषय काढला. ती म्हणाली, "अरे, आपल्या हौदात नळाचंच पाणी यायचं की! मी लग्न होऊन आले तेव्हा चालू होता. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात कोमट. नंतर बारीक झाला, मग थांबला."

"मग तू कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का कधी?"

यावर काय बोलणार! मग ती उठली, गॅलरीत गेली आणि म्हणाली, ही बघ. ओव्याचं रोपटं लावलेली एक लांबट, तपकिरी, दोन्हीकडून उघडी कुंडी. खाली ताटली ठेवलेली. वाड्याचा पाया खणताना मजुरांना अशा नळ्या लागल्या होत्या, बाकीच्या राडारोड्यात गेल्या, एक तिने मागून घेतली. का, असं विचारलं तर म्हणाली, "एवढी वर्षं पाणी पाजलं तिने, टाकायची कशी?"

मी ती नळी हातात घेतली. एका टोकाला निमुळती, दुसऱ्यात बसावी म्हणून. आतून हात फिरवला तर पांढरट खर हाताला लागली. पाण्यातला चुना. शे-दोनशे वर्षं पाणी वाहिल्यावर आत जो थर बसतो तो.

झिपाकिराच्या लोकांनी मडकं फोडून मीठ ठेवलं. आम्ही खापर फोडलं आणि काहीच ठेवलं नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. पण आजीने एक खापर ठेवलं होतं, त्यामुळे ते वाक्य मागे घेतो.

मला झिपाकिराचं कौतुक वाटतं ते चर्चसाठी नाही. त्यांचंही पहिलं बांधकाम बंद पडलं होतं, म्हणून वाटतं. ज्या गोष्टीवर गाव उभं राहिलं ती काय होती हे त्यांच्या शाळेतल्या पोराला माहीत आहे, आणि म्हणून तो परक्या माणसाला दहा मिनिटं सांगू शकतो. आमच्याकडे हे ज्ञान नाही असंही नाही. नगर तालुक्यातल्याच हिवरे बाजारने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पाणलोटाची कामं करून, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घालून, पावसाच्या पाण्याचा वर्षाचा हिशेब मांडून गाव उभं केलं. पायथ्याला पाणी मुरवा आणि मोजून वापरा. हे सलाबतखानाच्या लोकांनी चारशे वर्षांपूर्वी वेगळ्या शब्दांत सांगितलेलंच आहे. २०२४ पासून आमच्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. ज्या अहिल्याबाईंचं नाव दिलं, त्या याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. आणि देशभर त्यांची ओळख काय? घाट, विहिरी, बारवा. नाव जुनं घ्या की नवं, गोष्ट पाण्याचीच निघते.

मग मी काय केलं? फार काही नाही. कागद घेऊन बसलो. आजी सांगत गेली, मी काढत गेलो. वाड्याचा हौद इथे, शेजारच्यांचा तिथे, चौकातला सार्वजनिक हौद पलीकडे, नळ कुठल्या बोळातून यायचा, झाकण कुठल्या दारासमोर होतं. तिच्या मैत्रिणीला फोन लावला, तिने दोन हौद वाढवून दिले आणि आजीचा एक चुकीचा ठरवला. दोघींचं त्यावरून वाजलं. रात्री अकरापर्यंत सात हौद झाले. आजी ब्याऐंशीची आहे. असा नकाशा काढायला अजून किती रविवार आहेत याचा हिशेब मी करायचं टाळलं, पण पुढचे चार रविवार नगरला जायची तिकिटं काढून ठेवली.

तुमच्यापैकी कोणाचं जुनं घर नगरात असेल, किंवा पुण्यात, बिदरला, संभाजीनगरला, तर एक काम करा. फोन करा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फक्त एवढं विचारा: तुमच्या लहानपणी घरात पाणी कुठून यायचं? उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

सोमवारी पुन्हा कॉल होता. कामाचं बोलून झाल्यावर मी त्या झिपाकिरावाल्याला म्हटलं, मागच्या वेळी मी माझं गाव नीट सांगितलं नव्हतं, दहा मिनिटं आहेत का?

पंचवीस मिनिटं झाली. मॅनेजरने शेवटी म्यूट केलं :-)